वारुळाची भिंत आणि आतली बाग

हजरत सुलैमान (अलै.) यांच्या वृत्तांतात दोन अतिशय लहान जीव येतात. एक मुंगी आणि दुसरी वाळवी. सूरह अन-नम्लमध्ये (आयत १८-१९) मुंग्यांच्या खोऱ्यातील एक मुंगी आपल्या सोबतिणींना घरात शिरण्यास सांगते, कारण सुलैमानांच्या सैन्याच्या पायाखाली नकळत चिरडले जाण्याची तिला भीती वाटते. ते ऐकून सुलैमान (अलै.) हसतात आणि मिळालेल्या कृपेबद्दल कृतज्ञ राहण्याचे बळ आपल्या पालनकर्त्याकडे मागतात. सूरह सबामध्ये (आयत १४) त्यांच्या मृत्यूचा प्रसंग आहे. त्यांचा देह काठीला टेकून तसाच उभा होता आणि ते जिवंत आहेत असे समजून जिन्न राबत होते. जमिनीतील एका जीवाने ती काठी पोखरली, देह खाली आला, आणि गैबचे ज्ञान जिन्नांना नाही हे उघड झाले. हा जीव म्हणजे लाकूड पोखरणारी वाळवी, असे अनेक भाष्यकारांनी म्हटले आहे. एकीने बादशहाला कृतज्ञतेची आठवण दिली, दुसरीने ज्ञानाचा पोकळ दावा उघडा पाडला.

यंदाच्या पावसात हे दोन्ही प्रसंग मला पुन्हा आठवले, ते मकतबमधील एका मुलाच्या प्रश्नामुळे. इन्सुलीच्या घाटालगत रस्त्याच्या कडेला पानांत गुंडाळलेली अळंबी विकायला बसली, की पावसाळा रुळला असे आम्ही समजतो. त्या दिवशी सबक संपल्यावर मुलाने विचारले, "मौलवीसाहेब, आळमी वारळारच कित्याक येतत?" मला उत्तर ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी सांगतो म्हणालो आणि वाचू लागलो. वाचता वाचता मुलाच्या प्रश्नाचे उत्तर तर मिळालेच, पण मे महिन्यात माझ्या हातून घडलेल्या एका चुकीचा अर्थही त्यात सापडला.

ती चूक आधी सांगतो. आमच्या मशिदीत जोहरची जमाअत दुपारी दीड वाजता उभी राहते. कोकणात पारा विदर्भाइतका चढत नाही, पण हवेतील दमटपणामुळे अंगावरचा घाम वाळत नाही आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर येतो. माणसाला पायाशी सावली सापडत नाही, मग वाटेवर कोठून मिळणार? उन्हाळ्यापुरती जमाअत तासभर पुढे न्यावी, असे दोघा-तिघांनी सुचवले होते. मी नकार दिला. आज वेळ हलवली तर उद्या आणखी काही हलवावे लागेल, असे माझे म्हणणे होते. त्याच आठवड्यात दूरच्या वाडीतून पायी येणारे, सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ वाटेत भोवळ येऊन फणसाखाली बसले. एका मोटारसायकलस्वाराने त्यांना घरी पोहोचवले. अल्लाहच्या कृपेने संध्याकाळपर्यंत ते सावरले. मी भेटायला गेलो, तर जमाअत चुकली म्हणून तेच ओशाळले होते. माझी मान वर झाली नाही.

कारण मदरशात मी ती हदीस शिकलो होतो. उष्णता तीव्र झाली की जोहरची नमाज थंडाव्याच्या वेळी अदा करावी, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. हजरत अबू जर (रजि.) एका प्रवासाची हकीकत सांगतात. मुअज्जिन अजान देण्यास उठले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना थांबवले, थोडे गार होऊ द्या म्हणाले. पुन्हा उठले, पुन्हा थांबवले. टेकड्यांची सावली दिसू लागली, तेव्हा अजान झाली. आपण कोकणातील बहुतेक मुस्लिम शाफई फिकहचे अनुयायी. या फिकहमध्येही उष्ण प्रदेशात, दुरून जमाअतीला येणाऱ्यांसाठी, भिंतींच्या सावलीतून चालता येईल इतका वेळ जोहर मागे घेणे पसंत केले आहे. हे सारे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. मशिदीच्या भिंतीवर टांगलेले छापील वेळापत्रक मात्र मला त्या हदीसहून अधिक पक्के वाटले.

प्रश्न वेळापत्रकापुरता नाही. प्रत्येक घरात तो वेगळ्या रूपाने येतो. काळ बदलला, हवा बदलली, गाव बदलले. अशा वेळी श्रद्धावंताने किती बदलावे? एका बाजूस माझ्यासारखे लोक असतात. त्यांना प्रत्येक बदलात दीनची पडझड दिसते. दुसऱ्या बाजूस काही तरुण असतात. ते म्हणतात, एवढे बदलता, तर सूदही चालवून घ्या, आता त्यावाचून धंदा होत नाही. दोघांचा आवेश सारखाच असतो आणि दोघेही एक गोष्ट विसरतात. मराठीत 'जुळवून घेणे' आणि 'नमते घेणे' हे दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत. त्यांतील सीमारेषा कोठे आहे, ते मला वारुळाने समजावले.

प्रथम वारुळाची ओळख करून घेऊ. वाळवीला आपण पांढरी मुंगी म्हणतो, पण ती मुंगी नव्हे. कीटकांच्या कुळात ती झुरळाच्या नात्यातील आहे. बुरशीची शेती करणाऱ्या खऱ्या मुंग्या फक्त अमेरिका खंडांत आढळतात. आपल्याकडे हे काम वाळवी करते. ती वाळलेले गवत, पाने, लाकूड खाऊन आणते. तिच्या विष्ठेपासून वारुळात अक्रोडाच्या गरासारखी सुरकुतलेली, सच्छिद्र रचना उभी राहते. तिच्यावर एक विशिष्ट बुरशी वाढते. १९४२ साली फ्रेंच संशोधक रोजे हाइम यांनी तिला टर्मिटोमायसिस हे नाव दिले. लाकडातील जो कठीण अंश वाळवीला पचवता येत नाही, तो ही बुरशी मऊ करते आणि वाळवी ते तयार अन्न खाते. वाळवीवाचून ही बुरशी निसर्गात कोठेही स्वतंत्रपणे तग धरत नाही आणि या बुरशीवाचून त्या जातीची वाळवी जगत नाही. पावसाळ्यात या बागेतूनच देठ वर येतो, माती फोडतो आणि छत्री उघडतो. ती आपली अळंबी. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर इतके सरळ होते. अळंबी वारुळावरच येते, कारण तिचे घर आत आहे.

वाळवंटात जमिनीखाली मिळणाऱ्या 'कमआ' या भूछत्राच्या कुळातील वस्तूला प्रेषितांनी (स.) 'मन्न'मध्ये गणले आहे. मन्न म्हणजे माणसाने न पेरता, न राबता मिळालेली देणगी. आपली अळंबीही आपल्यासाठी तशीच आहे. फरक इतकाच की आपण राबलो नसलो, तरी तिच्यामागे राबणारे कोणी आहे.

ही बाग नाजूक आहे. तिला ओलावा लागतो आणि सुमारे तीस अंश सेल्सिअसची ऊब सर्वांत मानवते. बाहेर दुपार तापते, पहाट गारठते, पण आत फार चढउतार चालत नाही. शिवाय लाखो कीटक आणि वाढती बुरशी स्वतःच्या श्वासोच्छ्वासानेही उष्णता व दूषित हवा निर्माण करीत असतात. घर बंद ठेवावे तर जीव गुदमरतो, उघडे ठेवावे तर बाग सुकते.

या पेचातून वाट कशी निघते, हे दक्षिण भारतातील वारुळांवरच तपासले गेले. भारतात सर्वत्र आढळणाऱ्या ओडोंटोटर्मिस ओबेसस या जातीच्या वारुळांवर हंटर किंग, सॅम्युअल ओको आणि एल. महादेवन यांनी केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. या वारुळाला बाहेरून पाख्यांसारख्या कडा असतात. त्या पातळ असल्याने दिवसा लवकर तापतात, तर गाभा मागाहून तापतो. कडांतील गरम हवा वर चढते आणि गाभ्यातील हवा खाली उतरते. रात्री कडा आधी निवतात आणि हा प्रवाह उलटा फिरतो. दिवसभर आत साठलेला कर्बवायू रात्री बाहेर टाकला जातो. ज्या दिवस-रात्रीच्या तापमानबदलापासून घराचे रक्षण करायचे, त्याच बदलाच्या बळावर ते घर श्वास घेते! सूरह आले-इमरानमध्ये (आयत १९०) रात्र आणि दिवसाच्या आलटून-पालटून येण्यात बुद्धिमंतांसाठी निशाण्या असल्याचे सांगितले आहे. ही आयत मी अनेकदा पढलो आहे, पण वारुळाकडे पाहून ती पढण्याचा योग यंदा आला.

आता मुख्य मुद्दा. आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट या देशात मॅक्रोटर्मिस बेलिकोसस ही अशीच बुरशी पोसणारी वाळवी आहे. जर्मन संशोधक युडिट कोर्ब यांनी तिची दोन ठिकाणची वारुळे अभ्यासली. उघड्या, तापणाऱ्या माळरानावर ती उंच, पातळ भिंतींची, कडा-कंगोऱ्यांची वारुळे बांधते. जवळच्याच दाट, गार जंगलात तीच वाळवी जाड भिंतींचे, घुमटासारखे वारूळ बांधते, म्हणजे आतली ऊब निसटत नाही. जात तीच आहे, बागही तीच आहे, पण भिंती वेगळ्या आहेत. माळरानावरचा उंच मनोरा हाच आमच्या पूर्वजांचा रिवाज, असे म्हणून जंगलातील वाळवी पातळ भिंती उभारीत बसत नाही. आणि भिंती बदलल्याच आहेत, तर बागही बदलून टाकू, असेही ती म्हणत नाही. भिंत बदलते, ती बाग टिकावी म्हणून.

माझी चूक नेमकी येथेच होती. मी भिंतीला बाग समजलो. नमाज ही बाग होती. तिची फर्जियत, तिचे रुकू-सजदे, तिची अल्लाहने ठरवलेली वेळेची चौकट यांना हात लावण्याचा अधिकार मला नाही, कोणालाच नाही. पण त्या चौकटीच्या आत दीड की अडीच, ही भिंत होती. ती हलवण्याची वाट खुद्द प्रेषितांनी (स.) दाखवली होती. आणि सूद चालवून घ्या म्हणणारा तरुण नेमकी उलट चूक करतो. बाजारातील सोय ही भिंत वाचवण्यासाठी तो बाग उपटायला निघतो.

येथे कोणी विचारील, आणि विचारणे रास्त आहे, की हे ठरवायचे कोणी? ज्याला जे नकोसे होईल, त्याला तो भिंत म्हणेल. हा धोका खरा आहे. म्हणून तीन कसोट्या मी स्वतःसाठी मनाशी धरल्या आहेत.

पहिली कसोटी अधिकाराची. बागेला किती ऊब हवी, हे वाळवीने ठरवलेले नाही. ते तिच्या निर्मात्याने ठरवले. तसेच हलाल-हरामच्या मर्यादा आपल्या आवडीने ठरत नाहीत. हजरत आयशा (रजि.) सांगतात की प्रेषितांसमोर (स.) दोन पर्याय आले, तर ते सोपा पर्याय निवडीत, मात्र तो गुनाह नसेल तर. या एका वर्णनात दोन्ही टोकांचे उत्तर आहे. सोपेपणा निवडणे ही सुन्नत आहे आणि गुनाहच्या दारापाशी तो सोपेपणा थांबतो. दार कोठे आहे हे कळत नसेल, तर जाणत्या आलिमांना विचारावे. वाद घालून दार सरकवू नये.

दुसरी कसोटी हेतूची. बदल कशासाठी चालला आहे? बाग जगावी म्हणून, की माझा त्रास टळावा म्हणून? हजरत अम्र बिन आस (रजि.) यांचा प्रसंग अबू दाऊदमध्ये आहे. एका मोहिमेत कडाक्याच्या थंडीच्या रात्री त्यांना गुस्ल आवश्यक झाले. थंड पाण्याने जीव जाईल या भीतीने त्यांनी तयम्मुम करून फजरची नमाज पढवली. तक्रार प्रेषितांपर्यंत (स.) गेली. अम्र (रजि.) यांनी स्वतःचा जीव घेऊ नका या कुरआनच्या आज्ञेचा आधार सांगितला आणि प्रेषित (स.) हसले. पाण्याच्या जागी माती आली, नमाज मात्र सुटली नाही. उष्णतेत अजान थांबवणारे आणि थंडीत तयम्मुमवर हसणारे ते एकच प्रेषित (स.) आहेत.

तिसरी कसोटी किमतीची. ही मला सर्वांत कठीण वाटते. बदलाची किंमत कोण मोजतो? वारुळाची भिंत जाड करायची, तर वाळवीला मातीचा एकेक कण तोंडाने आणावा लागतो. आपण पुष्कळदा असा बदल निवडतो, ज्याचा आराम आपल्याला आणि भार दुसऱ्याला. आपल्या अनेक घरांतील मुले आखातात कामाला आहेत. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम करून घेण्यास बंदी आहे, हे त्यांच्याकडून आपण ऐकतो आणि मुलासाठी अल्लाहचे आभार मानतो. पण आपल्याच अंगणात चिरे रचणारा गवंडी, आपल्या बागेत काजू वेचणारी बाई मेच्या दुपारी कोठे असते? ती दुपार त्यांना मोकळी देणे आणि त्या वेळेची मजुरी न कापणे, ही आपल्या भिंतीची माती आहे. हाताखालच्या माणसावर त्याच्या शक्तीबाहेरचे ओझे टाकू नका आणि टाकलेच तर त्याला मदत करा, ही प्रेषितांची (स.) ताकीद बुखारीमध्ये आहे. उन्हाच्या दिवसांत तिचा अर्थ घड्याळावरही वाचता येतो.

या उदाहरणाला मर्यादाही आहेत. वाळवीला निवड नाही. तिच्या स्वभावात जे ठेवले, ते ती करते. माणसाला निवड दिली आहे आणि म्हणूनच तो उत्तरदायी आहे. सूरह अल-अहजाबमध्ये (आयत ७२) आकाश, पृथ्वी व पर्वतांनी नाकारलेली अमानत माणसाने उचलल्याचा उल्लेख आहे. त्या अमानतीत चुकीची भिंत बांधण्याची मोकळीकही आली. दुसरे असे की जुळवून घेतल्याने सारा त्रास नाहीसा होत नाही. जंगलातल्या त्या जाड भिंतींच्या वारुळात ऊब हवी त्याहून थोडी कमीच राहते आणि हवाही तितकी खेळत नाही. वाळवी तेवढे सोसते. दीनमध्येही सवलत म्हणजे कष्टांची समाप्ती नव्हे. अडीचच्या उन्हातही ते गृहस्थ चालतच येणार आहेत. सवलतीने भार वाहण्याजोगा केला, नाहीसा केला नाही.

तिसरी मर्यादा आपल्याला सावध करणारी आहे. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात पाने कातरून बुरशी पोसणाऱ्या मुंग्या त्यांच्या प्रदेशाच्या उत्तर टोकाला, थंडीच्या मुलखात राहतात. उलरिक म्यूलर आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवून दिले की त्या उत्तरेकडील मुंग्यांची बुरशी दक्षिणेकडील उबदार भागातल्या बुरशीपेक्षा थंडी अधिक सोसते. म्हणजे प्रसंगी सोबतीही हवामानाला सरावतो, पण ते पिढ्यान्‌पिढ्यांचे काम आहे. एका उन्हाळ्यात ते होत नाही. आपण मात्र झाडे तोडून, सडे खणून, डोंगर उघडे करून एका पिढीत हवा तापवीत आहोत. माणसाच्या हातांच्या कमाईमुळे जमिनीवर व समुद्रात बिघाड माजल्याचे सूरह अर-रूम (आयत ४१) सांगते. जो जीव सावकाश बदलू शकतो, त्याला घाईने बदलायला लावणे हाही एक जुलूमच आहे.

वारुळाला आपल्या भागातील हिंदू बांधव सातेरीच्या रूपाने मान देतात. आपली श्रद्धा वेगळी आहे. आपण वारुळापुढे झुकत नाही, पण ते ज्याची निशाणी आहे, त्याच्यापुढे झुकतो. निशाणीची नासधूस करणे हा काही तौहीदचा भाग नव्हे. एका मुंगीच्या चाव्यासाठी मुंग्यांची वस्ती जाळवणाऱ्या एका पूर्वीच्या पैगंबरांना अल्लाहने विचारणा केली, कारण ती अल्लाहची स्तुती करणारी एक उम्मत होती. हा प्रसंग बुखारी व मुस्लिममध्ये आहे. वाळवीने घराचे वासे धरले, तर ती हटवण्याची गरज निराळी आणि माळावरचे वारूळ गंमत म्हणून फोडणे निराळे. अळंबी काढतानाही हे ध्यानात असावे. पहिल्या पावसात दिव्याभोवती येणारे पंखांचे किडे हे वाळवीचेच. त्यांतील एखादी जोडी पंख टाकून जमिनीत नवे घर मांडते आणि बहुतेक जातींत त्या घरातील पहिले मजूर बाहेर जाऊन अळंबीचे सूक्ष्म बीज आणतात, तेव्हा नवी बाग लागते. आपण छत्री उमलण्याआधीच प्रत्येक कळी खुडली, तर ते बीज येणार कोठून? चार काढाव्यात, दोन उमलू द्याव्यात.

मुलाला मी हे सारे त्याला समजेल अशा शब्दांत सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि विचारले की मग उरलेल्या दोन दुसऱ्या कोणी नेल्या तर. मी म्हणालो, त्याचा जाब त्याला, आपला आपल्याला. त्याचे समाधान झाले की नाही, सांगता येत नाही.

मशिदीत सल्लामसलत झाली आहे. पुढील उन्हाळ्यात, इन्शाअल्लाह, एप्रिल व मे महिन्यांत जोहरची जमाअत अडीच वाजता उभी राहील. भिंतीवरच्या तक्त्यात ती दुरुस्ती मी माझ्या हाताने केली. ते वृद्ध गृहस्थ त्या दिवशी हजर होते. वेळ बदलली म्हणून त्यांना थोडी चुटपुट लागलेली दिसली. आयुष्यभर दीडची सवय. मी त्यांना अबू जर (रजि.) यांची हकीकत ऐकवली. टेकड्यांची सावली या शब्दांवर ते थांबले आणि म्हणाले, ही गोष्ट आधी सांगायची होती.

होय, आधीच सांगायची होती. काय धरून ठेवायचे आणि काय बदलायचे, यांतील फरक अल्लाह आपल्याला वेळेवर दाखवो, दिसल्यावर आपला हट्ट सोडण्याचे बळ देवो आणि आपल्या भिंतींचे ओझे कोणा दुर्बलावर पडू न देवो. आमीन.